समुद्र न दिसणारं गाव

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते मला ठाऊक नाही, आणि ज्यांनी मला सांगितली त्यांनाही नव्हतं. किनाऱ्यापासून थोडं आत, समुद्रात, एक गाव होतं. सकाळी फेरी मारायला निघालं तर न्याहारी थंड व्हायच्या आत माणूस घरी परत येई, एवढाच त्याचा विस्तार. माड होते, थोडी भातशेती होती, गोड्या पाण्याची एक विहीर होती, आणि चहूकडे समुद्र होता.

पण त्या समुद्रातून एक वाट होती. किनाऱ्यावरच्या मोठ्या गावापासून या गावापर्यंत, पाण्यात धोंडे टाकून केलेली. तिला धोंडवाट म्हणत. ती कुणा राजानं बांधली नव्हती. दोन्ही गावांची एक रीत होती, की रिकाम्या हातानं त्या वाटेवर पाय ठेवायचा नाही. निघताना आपल्या गावचा एक धोंडा उचलायचा आणि जिथं खळगा दिसेल तिथं टाकायचा. बाजाराला जाणारा टाकी, औषधाला जाणारा टाकी, सासऱ्याशी भांडून निघालेला जावईसुद्धा टाकी. नवरी सासरी निघाली की तिच्या ओटीत नारळाबरोबर माहेरच्या अंगणातला एक धोंडा घालत, हळदकुंकू लावून. वाटेच्या अर्ध्यावर आल्यावर तो ती आपल्या हातानं ठेवी, आणि मग पुढं जाई.

असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. धोंड्यांना कालवं धरली, शेवाळ चढलं, सांधे घट्ट बसले. भरतीला वाटेवर घोटाभर पाणी येई, पावसाळ्यात लाटा वरून जात, तरी माणसं एकमेकांचे हात धरून येत-जात. ही रीत इतकी पाळली गेली होती की त्या गावात मोकळा धोंडा क्वचितच सापडे. पोरांना कैऱ्या पाडायच्या तर चिखलाचे गोळे करून उन्हात वाळवावे लागत.

गावात सुईण नव्हती. ती पलीकडच्या गावात राही. बाईचे दिवस भरले आणि कळा लागल्या, की गावकराच्या अंगणातल्या बांबूवर लाल लुगडं चढवायचं. पलीकडून ते दिसे. थोड्या वेळानं सुईणमावशी धोंडवाटेवरून चालत येताना दिसे, पदर खोचलेला, हातात धोंडा. अगदी म्हातारी माणसं सोडली तर सगळं गाव तिच्याच हातावर जन्मलं होतं.

गावकर म्हणजे गावाचा प्रमुख. माणूस वाईट नव्हता. विहिरीवरचं भांडण मिटवी, कुणाचं छप्पर उडालं तर आधी स्वतः माडाची झापं घेऊन जाई. बायको लवकर गेली होती आणि सगुणा नावाची एकच मुलगी होती. तिच्यावर त्याचा जीव होता. तिचं लग्न त्यानं पलीकडच्या गावात, चांगल्या घरी करून दिलं.

त्या लग्नाच्या पंक्तीत नवऱ्या मुलाचा चुलता थट्टेनं म्हणाला, की मुलगी बेटावरची आहे, तिला चुलीपासून चार पावलं टाकली की समुद्र लागायची सवय, आमच्या एवढ्या मोठ्या गावात बिचारी वाट चुकेल. सगळी पंगत हसली. सगुणाही हसली. गावकरही हसला, पण हातातला घास त्यानं पानातच ठेवला. थट्टा करणारा हात धुऊन विसरला. गावकर काही विसरला नाही.

पुढच्या हिवाळ्यात एक गलबत पाणी भरायला थांबलं. त्याचा तांडेल, म्हणजे गलबत चालवणारा, दूरदूर फिरलेला माणूस होता. गावकरानं त्याला शहाळं दिलं, माडाखाली बसवलं, आणि बरेच दिवस मनात ठेवलेला प्रश्न विचारला. बेट कशाला म्हणायचं आणि खंड कशाला?

तांडेल म्हणाला, "पाण्यानं वेढलेली लहान जमीन ते बेट. फार मोठी असली की खंड."

"फार मोठी म्हणजे किती?"

तांडेलानं याचा कधी विचार केला नव्हता. शहाळं तोंडाला लावून तो म्हणाला, "मधोमध उभं राहिलं आणि कुठल्याच बाजूला समुद्र दिसला नाही, म्हणजे समजायचं आपण खंडावर आलो."

मग त्यानं आजूबाजूला पाहिलं. ज्या बाजूला बघावं त्या बाजूला माडांमधून पाणी चमकत होतं. तो हसला आणि गावकराच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, की तुमचं हे तर बेटसुद्धा नव्हे, बेटाचं पिल्लू आहे. पावसाळ्याआधी परतीच्या वाटेवर पुन्हा शहाळं प्यायला येतो, असं सांगून तो निघून गेला.

त्याच आठवड्यात गावकरानं देवळाच्या पारावर सभा बोलावली. त्याचं म्हणणं साधं होतं. जमीन काही वाढवता येत नाही. पण गावाभोवती दोन पुरुष उंच गडगा, म्हणजे धोंड्यांची भिंत, घातला, तर पारावर उभं राहून समुद्र दिसणार नाही. समुद्र दिसला नाही की हे गाव खंडात जमा. मग आपल्या लेकींना कुणी बेटावरच्या म्हणून हसणार नाही. हे ऐकून कुणी हसलं नाही, हीच वाईट गोष्ट झाली. ज्यांच्या लेकी पलीकडं दिल्या होत्या त्यांनी माना डोलावल्या, कारण तशी थट्टा प्रत्येकानंच कधी ना कधी ऐकली होती.

एका म्हातारीनं विचारलं, की गडग्याला धोंडे कुठून आणणार? गावात तर आंबा पाडायला खडा नाही.

उत्तर सगळ्यांना माहीत होतं, पण तोंडातून काढायला कुणी धजत नव्हतं. शेवटी गावकरच म्हणाला, "वाट दोन्ही गावांची आहे. अर्धी त्यांची, अर्धी आपली. आपण आपल्या अर्ध्यातले घेऊ. त्यांच्या धोंड्याला हात लावणार नाही."

हिशेब इतका सरळ होता की म्हातारीही मागं सरून बसली. अर्धी वाट ही वाट नसते, एवढं बोलायचं राहून गेलं.

काम सुरू झालं. पहारींनी सांधे सुटू लागले, कालवांच्या कवचांनी हात फाटू लागले. ओहोटीला धोंडे काढायचे, भरतीला गडगा रचायचा. पश्चिमेचा समुद्र आधी झाकला, मग दक्षिणेचा, मग उत्तरेचा. गावकर रोज पारावर चढून चहूकडे बघे आणि समाधानानं उतरे. वाट गावाच्या बाजूनं खाली खाली जात चालली. आधी ओहोटीला घोटाभर पाण्यातून जावं लागे, मग गुडघाभर. पलीकडच्या गावातल्या चार शहाण्या माणसांनी येऊन समजावलं. गावकरानं त्यांना गूळपाणी दिलं आणि तुमच्या अर्ध्या वाटेला आमचा धक्काही लागणार नाही, असं वचन दिलं. ते वचन त्यानं पाळलंही.

सगुणाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात तिला आणलं. नवऱ्यानं तिला हाताला धरून पाण्यातून आणलं. येताना तिनं सासरच्या अंगणातला धोंडा आणला होता. वाटेवर ठेवायला गेली तर ठेवायला जागाच नव्हती, खाली नुसतं गढूळ पाणी होतं. ती धोंडा तसाच घेऊन घरी आली आणि दाराशी ठेवला. गावकरानं तो उचलला आणि गडग्यावर नेऊन बसवला.

आता फक्त पूर्वेची बाजू उरली होती, पलीकडच्या गावासमोरची. तिथं वाटेचा तळचा थर लागणार होता. तो काढला की मागं खोल पाणी राहणार होतं. तेवढ्यात एका ओहोटीला सुईणमावशी पाण्यातून वाट काढत आली. मांडीपर्यंत भिजली होती. तिनं सगुणाला निजवलं आणि पोटावरून हात फिरवला. मग ती बाहेर येऊन गावकराच्या समोर बसली.

"गावकरा, मूल आडवं आहे. वेळेवर हात लागला तर फिरवता येईल. पोरगी मोकळी होईपर्यंत काम थांबव."

गावकराच्या डोळ्यांपुढं पावसाळ्याआधी येणारं गलबत होतं. तो म्हणाला, "मावशी, तू इथंच राहायला ये. तुझी सगळी सोय करतो."

"तिकडं आणखी दोघींचे दिवस भरत आलेत. त्यांना कुणाच्या भरवशावर टाकू?"

"मग वेळ आली की होडी पाठवीन."

"पाऊस आला की होड्या शाकारून ठेवता तुम्ही. आणि तळचे धोंडे काढल्यावर तिथून पाण्याला काय ओढ लागेल, ते कुणी पाहिलंय?" मावशीनं सगुणाच्या दाराकडं बोट केलं. "ते नको, तर हिला माझ्याबरोबर दे. मी सांभाळते."

गावकर दुखावला. पहिलं बाळंतपण सासरी झालं तर लोक म्हणतील, गावकराच्या घरात बाळंतिणीला खाट टाकायला जागा नव्हती. तो म्हणाला, की पावसाला अवकाश आहे, सगुणाच्या दिवसांनाही अवकाश आहे, एवढा घोर कशाला.

सगुणा दाराआडून ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, तेवढी राहू दे ना वाट."

मुलीनं आयुष्यात बापाकडं फार काही मागितलं नव्हतं. गावकरानं तिच्याकडं पाहिलं. एक शब्द बोलला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि मला ती सांगावी लागली नसती. पण पारावरून बघितलं की पूर्वेला अजून एक पाण्याची पट्टी चमकत होती. तो म्हणाला, "होईल सगळं नीट. तू काळजी करू नकोस."

तळचा थर निघाला. पूर्वेचा गडगा पुरा झाला. गावकर पारावर चढला, सगळीकडं फिरून बघितलं, आणि कुठंही समुद्र दिसला नाही. लोकांनी नारळ फोडला, पोरांना खोबरं वाटलं. तांडेलाची वाट बघत गावकर रोज गडग्यावर चढे. त्या वर्षी गलबत दुसऱ्याच वाटेनं गेलं.

पाऊस त्या वर्षी लवकर आला. आणि सगुणाच्या कळाही लवकर सुरू झाल्या.

सकाळची वेळ होती. गावकरानं धावत जाऊन अंगणातल्या बांबूवर लाल लुगडं चढवलं आणि तो वाट बघत बसला. शेजारच्या बायका सगुणाजवळ होत्या. बराच वेळ गेला, कुणी आलं नाही. सगुणाचं ओरडणं वाढत चाललं, तरी कुणी आलं नाही. मग त्या म्हातारीनं, जिनं धोंड्यांचं विचारलं होतं, बाहेर येऊन बांबूकडं पाहिलं आणि गडग्याकडं पाहिलं. ती म्हणाली, "अरे, आपल्याला समुद्र दिसत नाही, तर समुद्रापलीकडच्याला आपलं लुगडं कसं दिसेल?"

गावकरानं लुगडं ओढून काढलं आणि तो गडग्यावर चढला. वाऱ्यात उभं राहवत नव्हतं. दोन्ही हातांनी लुगडं धरून तो हलवत राहिला. पलीकडं धावपळ दिसली. थोड्या वेळानं सुईणमावशी किनाऱ्यावर आली. पदर खोचलेला, हातात धोंडा. सवयीनं तिनं तोही उचलला होता. त्यांच्या बाजूच्या अर्ध्या वाटेवरून, लाटा चुकवत, दोघांचे हात धरून ती अर्ध्यापर्यंत आली. तिथं वाट संपत होती. पुढं पाणी इतक्या जोरानं धावत होतं की त्याच्याकडं बघून डोळे फिरत. अडवणारं काही उरलं नव्हतं, म्हणून सगळ्या खाडीचं पाणी त्या एका जागेतून जाऊ लागलं होतं.

गावच्या माणसांनी एका होडीवरची झापं उपसून ती पाण्यात लोटली. प्रवाहानं ती बाजूला नेऊन खडकावर आपटली. माणसं कशीबशी वाचली, होडी फुटली. सगुणाचा नवरा पलीकडून दोरी कमरेला बांधून उतरला. त्याला चौघांनी ओढून परत घेतलं.

मग मावशी अर्ध्या वाटेच्या टोकावर उभी राहून ओरडून सांगू लागली. गडग्यावरचा माणूस ते ऐके आणि खालच्याला सांगे, तो पुढच्याला, तो दारातल्या बाईला. तसाच प्रश्न उलट जाई. मावशी विचारी, आता मूल कुठं लागतंय हाताला? ते घरात पोचे, बायका बघून सांगत, ते पुन्हा माणसांमधून गडग्यावर येई, वाऱ्यातून पलीकडं जाई. पण प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत सगुणाची अवस्था पालटलेली असे. मावशीचं ज्ञान तिच्या हातात होतं, आणि हात पलीकडं होते. घरातल्या बायकांनी जमेल ते सगळं केलं. त्यांना कुणी बोल लावू नये.

दुपार कलताना मूल जन्मलं. मुलगी झाली. ती रडली. तिचं रडणं ऐकून गडग्यावरच्या माणसानं हात वर केला, आणि पलीकडं मावशीनं वाकून वाटेला हात लावून नमस्कार केला. मग तिनं ओरडून विचारलं, "सगुणा कशी आहे?"

प्रश्न गडग्यावरून खाली आला, माणसांमधून दारापर्यंत गेला. या वेळी उत्तर परत आलं नाही. गावकर घरातून बाहेर आला. माणसांनी त्याला वाट करून दिली. तो गडग्यावर चढला. हातात अजून ते लाल लुगडं होतं. त्यानं हळूहळू त्याची घडी घातली आणि ती छातीशी धरून तो खाली बसला. पलीकडं मावशीला कळलं. अंधारून आलं तरी ती त्या टोकावरून हलली नाही.

सुतक फिटल्यावर गावकरानं स्वतःच्या हातानं गडग्याचा पहिला धोंडा काढला. कुणाला बोलावलं नाही, सभा घेतली नाही. हळूहळू सगळं गाव धोंडे काढू लागलं. पण काढायला एक हिवाळा पुरला होता, बसवायला काही तो पुरेना. आज टाकलेला धोंडा उद्याच्या भरतीला वाहून जाई. कालवं धरलेली नव्हती, शेवाळ नव्हतं, धोंड्याला धोंड्याची ओळख राहिली नव्हती. लाटा शांत असल्या की काम थोडं पुढं सरके, आणि एका वादळात तेवढंच मागं येई. गडगा संपला, गावात पुन्हा आंबा पाडायला खडा उरला नाही, तरी मधली खिंड उरलीच. हिवाळ्यात लोक होडीनं जात. पावसाळ्यात वाट बघत बसत. त्या पावसाळ्यांत आणखीही माणसं गेली.

बऱ्याच वर्षांनी तो तांडेल पुन्हा आला. म्हातारा झाला होता. गावकर कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि कोरड्या वाटेवरून एक मुलगी किनाऱ्याला वाहून आलेले धोंडे त्याच्या हातात देत होती. तांडेलाला जुनं बोलणं आठवलं. त्यानं हसत विचारलं, "काय गावकर, झाला का तुमचा खंड?"

गावकरानं हातातला धोंडा नीट बसवला. मग विचारलं, "तांडेल, तुम्ही पुष्कळ फिरलात. खंडाच्या टोकाला काय असतं?"

"समुद्रच असतो. दुसरं काय असणार?"

"सगळ्या बाजूंनी?"

"सगळ्या बाजूंनी."

"मग पाण्यानं काही ठरत नाही," गावकर म्हणाला. "हाक मारली आणि माणूस चालत आलं, की तो खंड. हाक मारून नुसतं बघत उभं राहावं लागलं, की ते बेट. आमचा खंड होता, तांडेल. मी त्याचं बेट केलं."

तांडेल पाणी भरून निघून गेला. त्याचा तरी काय दोष होता? त्यानं शहाळं पिता पिता एक वाक्य टाकलं होतं, एवढंच.

गावकर पुढं वारला तेव्हा खिंड तशीच होती. त्याची नात मोठी झाली, तिचं लग्न पलीकडं ठरलं. निघताना तिच्या ओटीत अंगणातला धोंडा घातला. वाटेच्या टोकाशी आल्यावर तिनं तो पाण्यात सोडला. त्याच पाण्याच्या दुसऱ्या बाजूला, अर्ध्या वाटेच्या टोकावर, एक तसाच धोंडा होता. सगुणानं सासरी जाताना ठेवलेला. हळदकुंकू केव्हाच धुऊन गेलं होतं, पण तो जागचा हलला नव्हता. मग ती होडीत बसली आणि डोळे पुसून पलीकडं गेली.

ती खिंड पुढं बुजली की नाही, ते मला कुणी सांगितलं नाही.

तात्पर्य: जमीन लहान असली म्हणून कुणी बेट होत नाही. आपण मोठं दिसावं म्हणून ज्या दिवशी आपल्याकडं येणाऱ्याच्या पायाखालचा धोंडा काढला, त्या दिवशी आपलं बेट झालं.